शासकीय संबंधांचे काम: बदलते प्रवाह आणि आजच्या अडचणी

प्रश्न असा आहे: काही वर्षे कंपनीच्या जनसंपर्क विभागात काम केलेल्या एका व्यक्तीकडे आता शासकीय संबंध आणि सार्वजनिक धोरण या विषयांची जबाबदारी येत आहे. या क्षेत्रात सध्या काय बदलत आहे, कामातील खऱ्या अडचणी कोणत्या आणि तयारीला सुरुवात कुठून करावी, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

उत्तराचा गाभा आधीच सांगतो. मंत्र्यांसमोरच्या बैठकीत एक सांगायचे, भागधारकांच्या अहवालात दुसरे लिहायचे आणि उद्योगसंघटनेच्या निवेदनात तिसऱ्याच मागणीखाली सही करायची, हा प्रकार या व्यवसायात दीर्घकाळ खपून गेला. हे तीन कागद एकाच माणसाच्या टेबलावर सहसा कधी येत नसत. आता ते येतात, आणि ते शेजारी शेजारी ठेवून वाचणारा माणूस बहुधा पत्रकार, गुंतवणूकदार किंवा विरोधी बाजूचा अभ्यासक असतो. या क्षेत्रातील बहुतेक नवे प्रवाह या एका बदलाशी जोडलेले आहेत. सर्वांत मोठी अडचणही त्यातूनच उभी राहिली आहे, ती अशी की सरकारला एखादी गोष्ट पटवण्यापेक्षा आपल्याच संस्थेला एका म्हणण्यावर आणणे जास्त कठीण झाले आहे.

नोंदणी आणि पारदर्शकतेचे कायदे हा या बदलाचा दिसणारा भाग आहे. अमेरिकेत लॉबिंगची, म्हणजे धोरणावर प्रभाव पाडण्यासाठी सरकारकडे बाजू मांडण्याच्या कामाची, नोंद आणि खर्च जाहीर करण्याचा सध्याचा कायदा १९९५ चा आहे आणि २००७ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. परदेशी हितसंबंधांसाठी काम करणाऱ्यांच्या नोंदणीचा कायदा तर १९३८ पासून अस्तित्वात आहे. कॅनडात नोंदणी १९८९ मध्ये सुरू झाली, आयर्लंडने २०१५ मध्ये कायदा केला, जर्मनीची नोंदवही १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. युरोपीय संघाची २०११ मधील ऐच्छिक नोंदवही २०२१ च्या करारानंतर व्यवहारात सक्तीची झाली आहे, कारण तेथे नाव नसेल तर वरिष्ठ पदाधिकाऱ्यांची भेटच मिळत नाही. अमेरिकेत केवळ संघराज्य पातळीवर दरवर्षी जाहीर होणारा लॉबिंगचा खर्च ४ अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. भारतासह अनेक देशांत असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र तेथेही माहिती अधिकाराखाली बैठकीचे इतिवृत्त मागता येते आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर भारतातील लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याखाली व्यावसायिक संस्थेलाही आरोपी करता येते. कायदा नाही म्हणजे मोकळीक आहे, असा समज करून घेणाऱ्यांना उलट अधिक जपावे लागते, कारण कुठे थांबायचे हे सांगणारी लेखी रेषाच त्यांच्यापाशी नसते.

कायद्यांपेक्षा जास्त शिकवले ते कायद्यांच्या बाहेर घडलेल्या प्रकरणांनी. २०२१ मध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी ग्रीनसिल कॅपिटल या वित्तसंस्थेच्या वतीने मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना पाठवलेले मोबाइलवरचे संदेश उघड झाले. तेथील २०१४ चा कायदा फक्त सल्लागार लॉबिस्टना लागू होतो, संस्थेच्या स्वतःच्या नोकरवर्गाला नाही, त्यामुळे नोंदणीचा नियम मोडला गेला नसल्याचा निष्कर्ष निबंधकांनी काढला. तरीही संसदीय समितीपुढे बसून त्या संदेशांचे स्पष्टीकरण द्यावेच लागले. पुढच्याच वर्षी उबरची १ लाख २४ हजारांहून अधिक कागदपत्रे पत्रकारांच्या हाती आली, आणि ती देणारा त्याच कंपनीसाठी पूर्वी लॉबिंग केलेला माणूस होता. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रुसेल्समध्ये बेल्जियमच्या पोलिसांनी युरोपीय संसदेशी संबंधित लाचखोरीच्या संशयावरून छापे घातले, मोठी रोकड सापडली, आणि त्यानंतर सर्व सदस्यांनी हितसंबंधी गटांशी झालेल्या भेटी जाहीर करण्याचा नियम संसदेने केला. ही शेवटची घटना सरळ गुन्ह्याची आहे आणि सभ्यपणे काम करणाऱ्याला तिच्यातून फारसे शिकण्यासारखे नाही. पहिल्या दोन घटना मात्र प्रत्येकाने अभ्यासाव्यात, कारण त्यांत घडलेल्या बऱ्याच गोष्टी त्या वेळी कोणालाही वेगळ्या वाटल्या नसत्या.

रोजच्या कामात याचा अर्थ काय, ते एका साध्या संदेशावरून दाखवतो. "साहेब, आपलं बोलणं झालं होतं त्याप्रमाणे बघा जरा" हा मजकूर पाठवणाऱ्याच्या मनात बहुधा काहीही वावगे नसते. मसुद्यातील एका कलमाबद्दलची शंका त्याने बैठकीत मांडलेली असते आणि तिची आठवण करून द्यायची असते. पण तीन वर्षांनी हाच मजकूर संदर्भाविना छापून आला, तर वाचणाऱ्याच्या मनात एकच अर्थ येईल आणि तो खोडून काढण्यासाठी पाठवणाऱ्याकडे काहीही नसेल. त्याऐवजी "मसुद्यातील कलम ७ बाबतचे आमचे लेखी निवेदन आज विभागाच्या अधिकृत पत्त्यावर पाठवले आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे" असे लिहिले तर तेवढेच काम होते आणि संदेश कुठेही वाचला गेला तरी त्याला बाध येत नाही. अधिकाऱ्यालाही हे सोयीचे पडते. अनेक अधिकारी आता खासगी मोबाइलवर विषयासंबंधी काहीही स्वीकारत नाहीत. याला दुरावा समजून नाराज होऊ नये, ते स्वतःला आणि तुम्हालाही सांभाळत असतात.

ओळखीचे काय, असा प्रश्न यावर नेहमी येतो. ओळख लागतेच. भेटीची वेळ मिळावी, फोन उचलला जावा, गैरसमज वाढण्यापूर्वी दूर व्हावा, यासाठी वर्षानुवर्षांचा परिचय उपयोगी पडतो. परंतु ज्या फाइलवर निर्णय होतो त्या फाइलला ओळख जोडता येत नाही, कागदच जोडावा लागतो. अधिकाऱ्याला टिपणीत कारण लिहायचे असते, आणि ते वरिष्ठांना, वित्त विभागाला, विधी विभागाला आणि वेळ आली तर न्यायालयालाही पटावे लागते. तुमच्या निवेदनातील एखादे वाक्य त्याला जसेच्या तसे टिपणीत उतरवून घेता आले, तर निवेदनाने आपले काम केले. "या तरतुदीमुळे उद्योगावर प्रतिकूल परिणाम होईल" हे वाक्य कोणीही उतरवून घेत नाही, कारण ते आलेल्या प्रत्येक निवेदनात असते.

हरकती व सूचनांचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने निर्देश काढले: ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्यात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात. कंपन्यांनी लगेच युरोपकडे बोट दाखवले, कारण तेथील डेटा संरक्षण कायद्यात ७२ तासांची मुदत आहे. वरवर पाहता ही तुलना चपखल होती. प्रत्यक्षात ती कच्ची होती, कारण युरोपातील तरतूद वैयक्तिक माहितीच्या भंगाबद्दल पर्यवेक्षकाला द्यायच्या सूचनेची आहे, तर सर्ट-इनचे काम चालू हल्ला थोपवण्याचे आणि इतरांना सावध करण्याचे आहे. चालू हल्ल्याची खबर तीन दिवसांनी मिळून अशा यंत्रणेला काय उपयोग, या प्रश्नाचे उत्तर या तुलनेत नव्हते. मुदत ६ तासांचीच राहिली. पण मे महिन्यात यंत्रणेने प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात खुलासा केला, आणि त्यात ६ तासांत हाती असेल तेवढीच माहिती द्यावी, उरलेली नंतर वाजवी वेळेत देता येईल, असे स्पष्ट झाले. पुढे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी अंमलबजावणी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत लांबवली गेली. व्यवहारात कंपन्यांना ज्या गोष्टीची धास्ती होती, म्हणजे ६ तासांत तपास पूर्ण करून सविस्तर अहवाल देण्याची, ती या खुलाशाने बरीचशी दूर झाली. आकड्याशी भांडत बसलेल्यांच्या हाती काही आले नाही. "६ तासांत नेमके काय अपेक्षित आहे" हा प्रश्न ज्यांना पडला होता त्यांना वापरण्याजोगे उत्तर मिळाले.

म्हणून निवेदनासोबत कलमवार तक्ता जोडावा, असा माझा आग्रह असतो. कलमाचा क्रमांक, मसुद्यातील शब्द, त्यातून निर्माण होणारी अडचण, सुचवलेले पर्यायी शब्द आणि त्या पर्यायामुळे नियमाचा मूळ हेतू कसा अबाधित राहतो, एवढे पाच रकाने पुरतात. चौथा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात किंवा "फेरविचार व्हावा" असे लिहून वेळ मारून नेतात. मसुद्यात "तात्काळ" असा शब्द असेल, तर "तात्काळ हा शब्द संदिग्ध आहे" एवढ्यावर न थांबता "बाब लक्षात आल्यापासून २४ तासांत" असे नेमके शब्द आपणच द्यावेत, कारण मसुदा लिहिणाऱ्याला वेळ कमी असतो आणि त्याच्या हाती तयार वाक्य देणारा एखादाच असतो. पाचवा रकाना सर्वांत अवघड असतो. आपल्या सूचनेमुळे कोणाचा तोटा होऊ शकतो हेही त्यात आपणच प्रामाणिकपणे लिहावे. ती बाजू दुसरा कोणी तरी त्याच टेबलावर ठेवणारच असतो आणि ती आपल्याकडून आधी आली तर पुढच्या वेळी आपला कागद विश्वासाने वाचला जातो.

मुदती मात्र कागदोपत्री दिसतात तशा मिळत नाहीत. भारत सरकारचे २०१४ चे विधिपूर्व विचारविनिमय धोरण किमान ३० दिवसांची अपेक्षा ठेवते, युरोपीय आयोग महत्त्वाच्या विषयांवर साधारणपणे १२ आठवडे देतो. पण प्रत्यक्षात आठवड्याभरातही मत मागवले जाते आणि तेवढ्यात आपल्याच विधी, तांत्रिक आणि वित्त विभागांची संमती गोळा करणे अशक्य होते. ज्या विषयावर नियम येण्याची शक्यता आहे, त्यावरचे आकडे आणि भूमिका मसुदा येण्याआधीच तयार असणे, एवढाच उपाय मला माहीत आहे.

मजकुराचे वजन न्यायालयांमुळेही वाढले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी लोपर ब्राइट खटल्यात १९८४ पासूनचे शेव्हरॉन तत्त्व रद्द केले. म्हणजे कायद्याचा अर्थ संदिग्ध असेल तेव्हा प्रशासकीय यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मानावा, हे बंधन उरले नाही. तेव्हापासून तेथे धोरणावर काम करणाऱ्यांना कायद्यातील प्रत्येक शब्दाकडे पूर्वीपेक्षा बारकाईने पाहावे लागते आणि यंत्रणेला दिलेले निवेदन उद्या न्यायालयात वाचले जाईल असे धरून लिहावे लागते. इतर देशांत तत्त्वे वेगळी असली, तरी धोरणाचा वाद न्यायालयात नेण्याची प्रवृत्ती सगळीकडे वाढते आहे. तुमच्या शेजारी बसणारा विधी सल्लागार आता मसुद्याच्या पहिल्या दिवसापासून हवा, शेवटच्या दिवशी सहीपुरता नको.

लोकमताच्या नावाखाली होणाऱ्या मोहिमा हा आणखी एक विषय आहे, आणि त्याबद्दल माझे मत काहीसे कठोर आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे इंटरनेटवरील सर्व मजकुराला समान वागणूक देण्याच्या (नेट न्यूट्रॅलिटी) प्रश्नावर २ कोटी २० लाखांहून अधिक प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या २०२१ मधील अहवालाने त्यांपैकी जवळजवळ १ कोटी ८० लाख बनावट असल्याचे दाखवले. ८५ लाखांहून अधिक प्रतिक्रियांमागे ब्रॉडबँड उद्योगाने पैसे पुरवलेली मोहीम होती, तर दुसऱ्या बाजूच्या सुमारे ७७ लाख प्रतिक्रिया महाविद्यालयात शिकणाऱ्या एका १९ वर्षांच्या मुलाने संगणकाच्या साहाय्याने पाठवल्या होत्या. भारतातही दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०१५ मध्ये डेटाच्या वेगवेगळ्या दरांबद्दल सल्लापत्र काढले आणि चार प्रश्न विचारले. फेसबुकने वापरकर्त्यांकडून ठरावीक साच्यातील संदेश लाखोंनी पाठवून घेतले, पण ते या प्रश्नांची उत्तरे देत नव्हते आणि नियामकाने या प्रकाराबद्दल कंपनीला पत्रातून स्पष्ट नापसंती कळवली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी निघालेला, अशा वेगवेगळ्या दरांना मनाई करणारा नियम कंपनीच्या इच्छेच्या नेमका उलट होता. केवळ या मोहिमेमुळे तसे झाले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण आपण विचारले एक आणि आले भलतेच, अशी भावना नियामकाच्या मनात निर्माण करणारी मोहीम कोणाच्याही फायद्याची नसते.

आता मजकूर तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यामुळे साचाही लागत नाही; प्रत्येक पत्र वेगळ्या शब्दांत लिहून मिळते. याचा परिणाम असा होणार, आणि काही प्रमाणात होऊ लागला आहे, की पत्रांच्या संख्येला किंमत राहणार नाही आणि सही करणारा माणूस खरा आहे का, त्याला प्रत्यक्ष काही सोसावे लागणार आहे का, हे पाहिले जाईल. प्रत्यक्ष भेटीला येणारा, स्वतःच्या कारखान्याचे वीजबिल घेऊन बसणारा छोटा उत्पादक अशा काळात हजार पत्रांना भारी ठरतो. तुमच्या विषयाचा फटका ज्यांना बसतो अशा माणसांना शोधून, त्यांना स्वतःच्या शब्दांत बोलू देणे, आणि प्रवासखर्च आपण केला असेल तर तसे उघड सांगणे, ही मोहीम चालवण्याची आज उरलेली इभ्रतदार रीत आहे.

कार्यालयीन वापरात ही साधने कामाची आहेत. विधेयकांच्या दुरुस्त्यांची तुलना, संसदीय प्रश्नोत्तरांतून विषयवार माहिती काढणे, लांबलचक समिती अहवालाचा पहिला गोषवारा, यांत कनिष्ठ सहकाऱ्यांचे कष्ट बरेच वाचतात. दोन पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. गोपनीय मसुदा किंवा संचालक मंडळाची टिपणी खुल्या साधनात टाकायची नाही, आणि साधनाने दिलेला कोणताही संदर्भ मूळ राजपत्रात किंवा निकालपत्रात पाहिल्याशिवाय बाहेर पाठवायचा नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी अशा साधनाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले आधार म्हणून दिले आणि त्यांना ५ हजार डॉलरचा दंड झाला. दंडाची रक्कम मामुली होती. तुमच्या निवेदनात असा एक संदर्भ निघाला तर दंड कोणी करणार नाही, फक्त त्या विभागात तुमचा पुढचा कागद कोणी वाचणार नाही.

सरकारे बदलण्याचा आणि धोरणे उलटण्याचा वेग हीही नित्याची अडचण झाली आहे. २०२४ या एका वर्षात ६० हून अधिक देशांत निवडणुका झाल्या आणि अनेक ठिकाणी सत्तेतील पक्षांना फटका बसला. ज्यांचे संबंध एका मंत्र्यापुरते किंवा एका पक्षापुरते होते त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. युरोपीय संघाने कंपन्यांवर टिकाऊपणाच्या, म्हणजे पर्यावरण आणि समाजावरील परिणामांच्या, अहवालांचे मोठे बंधन घातले आणि एप्रिल २०२५ मध्ये अनेक कंपन्यांसाठी तेच दोन वर्षे पुढे ढकलले. त्याच महिन्यात अमेरिकेने कार्यकारी आदेशांद्वारे बहुतेक सर्व देशांच्या मालावर नवे आयातशुल्क जाहीर केले, ज्यात विचारविनिमयाची नेहमीची वाटच नव्हती. दुसरीकडे युरोपचा सीमापार कार्बन आकार (आयात मालाच्या निर्मितीत झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचे शुल्क) १ ऑक्टोबर २०२३ पासून अहवालांच्या टप्प्यात होता आणि १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण रूपात लागू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते विकणाऱ्या जगभरच्या उत्पादकांना त्याचा हिशेब ठेवावा लागतो, त्यांच्या देशाचे सरकार या विषयावर काहीही म्हणो. एका देशात घेतलेली भूमिका दुसऱ्या देशातील सरकारला खटकू शकते, आणि देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी एकमेकांची निवेदने पाठवण्यापूर्वी पाहिलेली असणे, ही साधी गोष्टही अनेक मोठ्या संस्थांत होत नाही.

सामाजिक आणि राजकीय वादांवर संस्थेने बोलावे की गप्प राहावे, यावर अलीकडे बरेच लिहिले जाते. डिस्नेचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. २०२२ मध्ये फ्लोरिडातील शालेय शिक्षणाविषयीच्या एका कायद्यावर कंपनीने आधी जाहीर भूमिका टाळली, मग कर्मचाऱ्यांच्या नाराजीनंतर विरोध केला, आणि राज्याने कंपनीच्या परिसरासाठी १९६७ पासून असलेली विशेष स्थानिक व्यवस्थाच आपल्या ताब्यात घेतली. वाद २०२४ मध्ये तडजोडीने मिटला. बोलणे चूक की मौन चूक, हा वाद मी येथे घालत नाही. भूमिका दबाव आल्यावर ठरवली गेली, हे तिथले खरे दुखणे होते; कोणत्या प्रकारच्या विषयांवर आपण बोलू आणि कोणत्या नाही, याची कसोटी शांत काळात लिहून ठेवलेली असेल तर निदान दोन्ही बाजूंचा रोष एकाच वेळी ओढवत नाही.

उद्योगसंघटनांचे दुखणे याहून जुने आहे. संघटनेची भूमिका सर्वांत नाराज सभासदाला सांभाळून ठरते, त्यामुळे पुढे जाऊ पाहणाऱ्या कंपनीच्या नावावर तिला न पटणाऱ्या मागण्या जमा होतात. हवामानाच्या प्रश्नावर गुंतवणूकदारांनी ही विसंगती उघडपणे विचारायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२१ मध्ये टोटल ही फ्रेंच ऊर्जा कंपनी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संघटनेतून बाहेर पडली. प्रत्येकाला बाहेर पडणे परवडत नाही, आणि आत राहून बदल घडवणे हेही खरे काम असते. पण संघटनेच्या ज्या निवेदनाशी आपण सहमत नाही त्यावर आपली वेगळी नोंद करवून घेण्याचे धैर्य तरी हवे.

आता संस्थेच्या आतल्या अडचणीकडे येतो, कारण मला तीच सर्वांत मोठी वाटते. विक्री विभागाने ग्राहकांना दिलेले वचन, उत्पादन विभागाची क्षमता, वित्त विभागाने गुंतवणूकदारांना सांगितलेला अंदाज आणि शासकीय संबंध विभागाने मंत्रालयात मांडलेली अडचण, या चार गोष्टी क्वचितच जुळतात. "नवीन मानक दोन वर्षांत पाळणे अशक्य आहे" असे निवेदन द्यायचे आणि त्याच तिमाहीत "आम्ही नव्या मानकासाठी पूर्ण सज्ज आहोत" असे गुंतवणूकदारांना सांगायचे, असे घडते. दोन्ही विधाने करणारे आपापल्या परीने खरे बोलत असतात, कारण एक जण सर्व उत्पादनांचा विचार करत असतो आणि दुसरा केवळ महागड्या मालाचा. हे जुळवून देण्याचे काम आपल्याकडे येते आणि त्यासाठी लागणारा अधिकार मात्र सहसा येत नाही. अधिकाऱ्याने सांगितलेली कटू गोष्ट वरिष्ठांना जशीच्या तशी सांगणे हाही याच कामाचा भाग आहे. "सरकार आपल्या बाजूने आहे" हे वाक्य ऐकायला सर्वांना आवडते, आणि ते सांगून स्वतःचे स्थान पक्के करणारे लोक या व्यवसायात कमी नाहीत. सरकारचा निरोप गोड करून आत पोहोचवणारा माणूस पुढच्या वर्षी संस्थेला अंधारात ठेवून मोकळा होतो.

मूल्यमापनाचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. विक्रीचा आकडा दिसतो. टळलेला नियम, सौम्य झालेली तरतूद, सहा महिन्यांनी वाढलेली मुदत यांचे श्रेय कोणाचे, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. म्हणून भेटी आणि निवेदने मोजली जातात, जी मोजायला सोपी आणि सांगायला पोकळ असतात. मी त्याऐवजी तीन गोष्टी लिहून ठेवायला सांगतो: येऊ घातलेल्या बदलाची सूचना आपण संस्थेला किती आधी दिली, सुचवलेल्या शब्दांपैकी कोणते अंतिम मजकुरात दिसले, आणि बदल झाल्यास किंवा न झाल्यास संस्थेला किती खर्च आला असता याचा वित्त विभागाने मान्य केलेला अंदाज. तिसरी गोष्ट मिळवताना त्रास होतो, पण एकदा वित्त विभागाची सही त्या आकड्यावर आली की या विभागाची उपयुक्तता वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

निवृत्त अधिकाऱ्यांना नेमण्याविषयी थोडक्यात सांगतो. कॅनडात वरिष्ठ पदाधिकाऱ्यांना पद सोडल्यावर पाच वर्षे लॉबिंग करता येत नाही. अमेरिकेत माजी सिनेटरांना दोन वर्षे आणि प्रतिनिधिगृहाच्या माजी सदस्यांना एक वर्ष काँग्रेसमध्ये लॉबिंगची मनाई आहे. नियम असो वा नसो, अशा माणसाकडून व्यवस्था कशी चालते हे शिकावे. त्याच्या जुन्या कार्यालयात त्याला पाठवून काम करवून घेण्याचा मोह टाळावा. नेमणुकीपूर्वी विधी विभागाकडून लेखी अभिप्राय घ्यावा.

राहिला तयारीचा प्रश्न. जनसंपर्कातून येणाऱ्यांना लिहिण्याची आणि माणसे सांभाळण्याची सवय असते, ती कामाला येईल. पहिल्या काही आठवड्यांत भेटी मागू नका. तुमच्या संस्थेने मागील काही वर्षांत सरकारला, न्यायालयांना, शेअर बाजाराला आणि प्रसारमाध्यमांना एकाच विषयावर काय सांगितले आहे, ते गोळा करा आणि विषयवार समोरासमोर मांडा. निघालेल्या विसंगती प्रमुखांपुढे ठेवा, आणि ज्या विषयावर त्या मिटत नाहीत त्या विषयावर अधिकाऱ्यांकडे जाणे पुढे ढकला. सोबत तुमच्या क्षेत्राचा मूळ कायदा, त्याखालील नियम आणि अलीकडच्या अधिसूचना स्वतः वाचा; गोषवाऱ्यावर भागवू नका, कारण बैठकीत समोर बसलेल्या कक्ष अधिकाऱ्याने तो कायदा अनेकदा तुमच्यापेक्षा जास्त वर्षे हाताळलेला असतो. आणि जबाबदारी स्वीकारण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्या. हा विभाग थेट संस्थेच्या प्रमुखांना उत्तरदायी असावा, विक्री विभागाला नव्हे, आणि कोणतेही निवेदन बाहेर जाण्यापूर्वी ते थांबवण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे हे लेखी असावे. रुजू झाल्यानंतर हा अधिकार मागायला गेलात, तर बहुधा एखादे वादग्रस्त निवेदन आधीच टेबलावर आलेले असते आणि तुमची मागणी त्या एका कागदाला केलेला विरोध म्हणून पाहिली जाते.